समीकरणातला वर्ग

पहिल्या सेमिस्टरला वर्गात बावीस मुलं होती. डिसेंबरात परीक्षेला बसली नऊ.

ही २०१६ची गोष्ट. टेक्सासच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रँडे नदीच्या अलीकडच्या काठावर एक सरकारी कॉलेज आहे. तिथे मी गणित शिकवते. नदीपलीकडे मेक्सिको. आमची बहुतेक मुलं मेक्सिकन वंशाची, घरी स्पॅनिश बोलणारी. पुष्कळांच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं आधी कुणीच नाही. सरकारी कागदांवर त्यांना ‘अंडररिप्रेझेंटेड मायनॉरिटी’ म्हणतात. या शब्दाला धड मराठी शब्द मला अजून सापडलेला नाही. गावात ही माणसं अल्पसंख्य नाहीतच. दुकानदार तेच, नर्स त्याच, महापौरही त्यांच्यातलाच. ती अल्पसंख्य होतात गणिताच्या पदवीधरांच्या यादीत. पीएचडीच्या यादीत तर शोधावी लागतात.

त्या वर्षी मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी ‘गणिती जीवशास्त्र’ सुरू केलं. कल्पना काही नवीन नव्हती. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना गणित आणि संगणन आजच्यापेक्षा पुष्कळ जास्त यायला हवं, हे अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या ‘बायो २०१०’ या अहवालानं २००३मध्येच सांगितलं होतं. आमच्याकडे त्याला आणखी एक कारण होतं. आमच्या मुली जीवशास्त्राला आवडीनं येतात. कुणाला नर्स व्हायचं असतं, कुणाला डॉक्टर. मग कॅल्क्युलसला, म्हणजे सतत बदलणाऱ्या गोष्टींच्या गणिताला, अडकतात आणि कोर्स सोडतात. ज्या ओढीनं त्या आल्या, त्याच ओढीनं त्यांना गणितापर्यंत नेता येईल असं मला वाटत होतं.

पण नेलं मात्र उलट्या वाटेनं. ‘पाया कच्चा आहे, आधी तो पक्का करू’ म्हणून पहिले सहा आठवडे मी कॅल्क्युलसची उजळणी घेतली. या मुलांकडून शाळेपासून प्रत्येकानं पायाच पक्का करून घेतला होता, भिंत कुणी उभारूच दिली नव्हती. मीही तेच केलं. सातव्या आठवड्यात भक्ष्य आणि भक्षकाचं मॉडेल आलं, तेही पाठ्यपुस्तकातलं. कॅनडातले ससे, त्यांना खाणारी लिंक्स नावाची रानमांजरं, आणि कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीच्या जुन्या नोंदी. उदाहरण सुंदर आहे, मला स्वतःला फार आवडतं. पण बाहेर ऑक्टोबरातही घामाच्या धारा लागत होत्या आणि मी बर्फातल्या सशांबद्दल बोलत होते. मागच्या बाकावरच्या एका मुलानं अगदी मनापासून विचारलं, “मिस, हे ससे कुठले?” इकडे बाईंना ‘मिस’ म्हणतात. मी सांगितलं. त्यानं वहीत लिहून घेतलं. पुढच्या सोमवारपासून तो आला नाही.

नाताळच्या सुट्टीत मी उरी ट्राइझमन यांचं काम पहिल्यांदा नीट वाचलं. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात ते कॅल्क्युलस शिकवायच्या कामात होते. शाळेत उत्तम मार्क मिळवून आलेली कृष्णवर्णीय मुलं पहिल्याच वर्षी कॅल्क्युलसमध्ये का गळतात, हा त्यांचा प्रश्न. आजूबाजूच्या प्राध्यापकांकडे उत्तरं तयार होती: घरची परिस्थिती, तयारी कमी, इच्छा कमी. ट्राइझमन त्या मुलांबरोबर राहिले, ती अभ्यास कसा करतात ते पाहिलं. ती मुलं मन लावून अभ्यास करत, पण एकेकटी. त्यांच्याच बरोबरीची चिनी वंशाची मुलं एकत्र बसत, एकमेकांच्या चुका काढत, अवघड गणितं वाटून घेत. मग त्यांनी जे वर्ग सुरू केले त्यांत सोपी गणितं नव्हती, उलट नेहमीपेक्षा अवघड होती. ती गटात बसून सोडवायची. कुणालाही ‘तू मागे आहेस म्हणून इथे ये’ असं सांगितलं नाही.

हे वाचलं आणि मला माझं मुंबईतलं कॉलेज आठवलं. भर तासाला शिपाई दारात येऊन ओरडायचा, “फ्रीशिपवाल्यांनी ऑफिसात या.” आम्ही चारपाच जण उठायचो. सगळा वर्ग बघायचा. फी माफ होत होती, त्याचे उपकारच आहेत. पण त्या उठण्यात जे व्हायचं ते कुठल्याच फॉर्मवर लिहिलेलं नसतं. मी ठरवलं की माझ्या विषयाला ‘उपचारात्मक’, म्हणजे मागे पडलेल्यांसाठीचा, हा शब्द कधीही चिकटू द्यायचा नाही.

जीवशास्त्र विभागातल्या एका मैत्रिणीला सोबत घेतलं. ती डासांवर काम करते. दोघींनी मिळून शिकवायचं ठरवलं, तर प्रत्येकीच्या खात्यावर निम्मेच तास लागणार, असं सांगण्यात आलं. शिकवायचे मात्र पूर्ण. आम्ही तसंच शिकवलं, तीन वर्षं. त्याबद्दल आणखी काही लिहीत नाही, पण ज्यांना असा विषय सुरू करायचा आहे त्यांनी हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारावा.

खरा झगडा झाला तो आधी कोणते विषय केलेले हवेत यावर. नियमाप्रमाणे कॅल्क्युलसचे दोन भाग पास झालेलाच इथे येऊ शकत होता. मी ती अट काढून टाकायला सांगितलं. दर्जा घसरेल, असं समितीतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं. मी त्यांच्यासमोर लॅपटॉपवर साधी स्प्रेडशीट उघडली. एका ओळीत आजचे आजारी. पुढच्या ओळीत उद्याचे, म्हणजे आजचे अधिक नवे वजा बरे झालेले. हे सूत्र खाली ओढत न्यायचं. साथ चढते, शिखर गाठते, उतरते. बेरीज, वजाबाकी, गुणाकार एवढंच लागतं. मग दिवसाऐवजी तास घ्या, तासाऐवजी मिनिट घ्या, आणि विचारा की असंच लहान करत गेलो तर काय होईल. तिथे कॅल्क्युलसची गरज मुलांना स्वतःला वाटू लागते. समितीनं एक वर्षासाठी परवानगी दिली.

२०१७च्या ऑगस्टमध्ये पहिल्या दिवशी आम्ही फळ्यावर काही लिहिलं नाही. प्रत्येकाला दोन काळे प्लास्टिकचे पेले दिले, आणि आत लावायला खरखरीत कागदाची पट्टी. घराच्या मागे सावलीत ठेवायचे, अर्धे पाण्यानं भरायचे, सातव्या दिवशी पट्टी काढून पेला रिकामा करून पुसायचा. सातवा दिवस चुकवायचा नाही, नाहीतर आपणच डास पैदा करू. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी पाण्यात नाही, पाण्याच्या कडेला ओलसर जागी अंडी घालते. ती पट्टीवर मिळतात, मोहरीहून कितीतरी बारीक, काळी. पुढच्या आठवड्यात मुलं पट्ट्या पिशवीत घालून आली आणि दोन तास भिंगाखाली मोजत बसली.

आकडे फळ्यावर आले: ०, ३, ०, ११२, ०, ४१, ०, ०, १८७. सरासरी काढली. मग मी विचारलं, सरासरीएवढी अंडी कुणाच्या घरी होती? कुणाच्याच नाही. या एका प्रश्नावर आम्ही दोन आठवडे घालवले. अंडी जर कुठेही, कशीही पडत असती तर विचलनाचा वर्ग, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत याचं माप, सरासरीच्या आसपास यायला हवा होता. आमचा कितीतरी पट आला. म्हणजे डास सगळीकडे सारखे नाहीत, काही अंगणं त्यांची आहेत. कुणाची? ज्यांच्या मागे जुने टायर पडलेत. ज्या वस्तीत नळ नाही, त्यामुळे पाणी पिंपात साठवलेलं असतं. नगरपालिकेच्या हद्दीबाहेरच्या अशा वस्त्यांना इकडे कोलोनिया म्हणतात, आणि माझ्या वर्गातली काही मुलं तिथूनच येत होती. ती आपापल्या अंगणाबद्दल बोलू लागली. आधीच्या वर्षी तोंड न उघडणारा वर्ग आणि हा वर्ग, यांतली मुलं सारखीच होती.

मग आम्ही लारेडोचा अभ्यास समोर ठेवला. नदीच्या एका काठाला टेक्सासचं लारेडो, दुसऱ्या काठाला मेक्सिकोचं न्युएव्हो लारेडो. हवा तीच, डास तेच, माणसांची नातीगोतीसुद्धा तीच. १९९९मध्ये तिथे डेंग्यूची साथ आल्यावर दोन्हीकडच्या लोकांचं रक्त तपासलं. पूर्वी कधीतरी डेंग्यू होऊन गेल्याच्या खुणा लारेडोत २३ टक्के लोकांत होत्या, पलीकडे ४८ टक्के. ताज्या संसर्गाचं प्रमाण इकडे १.३ टक्के, तिकडे १६. आणि डास कुठे जास्त होते? लारेडोत. टेक्सासच्या बाजूला.

मी उत्तर सांगितलं नाही. वर्गात गलका झाला. शेवटी सकाळी सुपरमार्केटच्या काउंटरवर पाळी करून येणारी एक मुलगी म्हणाली, “माझी मावशी पलीकडे राहते. तिच्याकडे एसी नाही, खिडक्या उघड्या असतात. इकडे आम्ही दारं-खिडक्या बंद करून आत बसतो.” नेमकं हेच. अभ्यासाचा निष्कर्षही तोच होता.

आता समीकरण आलं. डासांमुळे पसरणाऱ्या रोगांचं हे गणित रोनाल्ड रॉस यांनी सुरू केलं, तेच रॉस ज्यांना १८९७मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू दिसले. एका रोग्यापासून पुढे किती जणांना लागण होईल, याच्या सूत्रात ‘ए’ नावाचं अक्षर असतं: एक डास दिवसाला माणसांना किती वेळा चावतो. सूत्रात ते नुसतं येत नाही, त्याचा वर्ग येतो. का? गटात बसा, शोधा, म्हटलं. पंचवीस मिनिटं गेली. त्याच मुलीच्या गटातला एक मुलगा फळ्याशी आला, त्यानं डास काढला, दोन्ही बाजूंना एकेक माणूस काढला. “डास दोनदा चावायला लागतो, मिस. एकदा रोग घ्यायला, एकदा द्यायला.” म्हणून ‘ए’ निम्मा झाला तर साथीची ताकद पाव होते. खिडकीला जाळी असणं आणि नसणं, यातला फरक सूत्रात स्वतःशीच गुणला जातो.

त्या दिवशी मी त्यांना सांगितलं की माझ्या भाषेत ‘वर्ग’ हा एकच शब्द तीन गोष्टींना चालतो. आपण बसलोय ती खोली, संख्येला स्वतःनं गुणणं, आणि समाजात माणूस कुठल्या थराचा. मुलांनी तो शब्द मला फळ्यावर देवनागरीत लिहायला लावला. काहींनी वहीत उतरवून घेतला, ग वरच्या रफारासकट.

तिसऱ्या महिन्यात साथींच्या मूळ मॉडेलकडे वळलो. सगळ्या लोकांचे तीन गट: लागण होऊ शकणारे, लागण झालेले, साथीतून बाहेर पडलेले. हे मॉडेल मी दहा वर्षं वापरत आले होते, पण ज्या निबंधात ते आलं तो १९२७चा निबंध कधी उघडला नव्हता. मुलांना मूळ लेखन दाखवावं म्हणून उघडला. लेखक एडिंबरोचे केरमॅक आणि मॅकेंड्रिक. मॅकेंड्रिक आधी इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते, कसौलीला. केरमॅक यांची दृष्टी १९२४मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात गेलेली, गणित ते डोक्यात करत. निबंधात एकच आलेख होता ज्यात सिद्धांत आणि प्रत्यक्ष आकडे शेजारी शेजारी होते. खाली लिहिलं होतं: मुंबई बेटावरचे प्लेगचे आठवड्यागणिक मृत्यू, १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६.

मी खुर्चीत बसून राहिले. मी आग्रीपाड्याला बीआयटी चाळीत वाढले. बीआयटी म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. १८९६मध्ये मुंबईच्या मांडवीत प्लेग निघाला, तो ओळखणारे डॉक्टर अकासियो व्हिएगास गोव्याचे. त्या प्लेगपायीच १८९८मध्ये हा ट्रस्ट निघाला, आणि त्यानं गर्दीच्या वस्त्या पाडून चाळी बांधल्या. आमची दहा बाय बाराची खोली, जिन्याखालची पाण्याची टाकी, मजल्याच्या टोकाचे संडास, हे सगळं उभं राहिलं त्याचं कारण त्या आलेखातली मेलेली माणसं. आणि मी तेच समीकरण परक्या देशात सशांच्या धड्यानंतर शिकवत होते.

दुसऱ्या दिवशी वर्गाला चाळीचा फोटो दाखवला, मग आलेख. शिखर एका आठवड्याला नऊशेच्या आसपास. हा आलेख माझ्या गावाचा आहे, म्हणाले. एका मुलीनं बराच वेळ आलेखाकडे बघून विचारलं, “हे मोजले कुणी?” सरकारनं, मी म्हटलं. “आणि लोकांनी लपवले असतील तर?” लपवलेच होते. इस्पितळाच्या आणि झडतीच्या भीतीनं लोक रोगी लपवत. माझ्या पणजोबांची आई त्यांना कडेवर घेऊन बोटीनं कोकणात गेली, असं घरात सांगत. “मग मिस,” ती म्हणाली, “यात एकूण लोकसंख्या कायम धरलीय, ती चुकीची आहे. तुमचे पणजोबा तर निघून गेले.”

हा आक्षेप अगदी रास्त आहे. उंदीर आणि पिसवाही त्या तीन गटांत कुठे नाहीत, आणि आपलं गृहीत ढोबळ आहे हे लेखकांनीच कबूल केलंय. पण मुलीनं तो आक्षेप पुस्तकातून घेतला नव्हता. ज्यांच्या घरात कुणी ना कुणी जनगणनेवाल्याला दार उघडत नाही, त्यांना हा प्रश्न आधी सुचतो. मी तरी इतक्या वर्षांत विचारला नव्हता.

शेवटचे पाच आठवडे प्रश्न मुलांचे. ही पद्धत आम्ही उचलली ती गणिती जीवशास्त्रातले संशोधक कार्लोस कॅस्टिलो-चावेझ यांच्या विद्यार्थ्यांसाठीच्या उन्हाळी कार्यक्रमातून. ते मेक्सिकोतून आलेले, सुरुवातीला विस्कॉन्सिनमध्ये चीजच्या कारखान्यात काम केलेले. १९९६मध्ये त्यांनी कॉर्नेल विद्यापीठात तो कार्यक्रम सुरू केला, पुढे तो अ‍ॅरिझोनाला गेला. तिथे संशोधनाचा विषय विद्यार्थी निवडत, शिक्षक नाही. आमच्याकडे एका मुलाचे वडील ग्रेपफ्रूटच्या बागेत कामाला. २०१२मध्ये टेक्सासात संत्रावर्गीय झाडांचा हिरवेपणाचा रोग आला, बारीक किडे तो पसरवतात. यानं बागेचं चौकटी-चौकटींचं मॉडेल केलं आणि कुठली झाडं आधी काढावीत ते वडिलांना दाखवलं. वडिलांनी त्यातल्या दोन चुका काढल्या, वारा आणि कुंपण. त्या त्यानं दुरुस्त केल्या. त्या वर्षी चोवीसपैकी एकवीस मुलांनी विषय पूर्ण केला.

२०१८मध्ये माझ्याकडून आणखी एक चूक झाली, ती मला अजून टोचते. मावशीची खिडकी सांगणाऱ्या मुलीचं काम एका परिषदेत पोस्टर म्हणून स्वीकारलं गेलं. विमान, हॉटेल, सगळ्याचे पैसे आम्ही उभे केले. ती नको म्हणाली. मी समजावलं, पुन्हा समजावलं, आत्मविश्वासावर लांबलचक बोलले. ती खाली बघून ऐकत राहिली. नंतर माझ्या मैत्रिणीनं मला बाजूला घेतलं. इथून उत्तरेला सत्तरेक मैलांवर सीमा पोलिसांची चौकी आहे, प्रत्येक गाडी थांबते. विमानतळावरही कागद विचारतात. ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांच्यासाठी अमेरिका त्या चौकीपाशी संपते. इतकी वर्षं इथे राहून मला हे सुचलं नव्हतं, कारण माझा पासपोर्ट माझ्या पर्समध्ये असतो.

त्यानंतर आम्ही पोस्टर गावातच लावायला लागलो, सार्वजनिक वाचनालयात, शनिवारी दुपारी, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत. परिषदेला जाऊ शकणारी मुलं तिकडेही जातात, पण आधी इथे. पहिल्या वेळी घरचे लोक आले, लहान भावंडं आली, कुणीतरी मोठ्या डब्यात तमालेस आणले. त्या मुलीची आई पोस्टरसमोर उभी राहिली. मुलीनं तिला स्पॅनिशमध्ये ‘ए’ म्हणजे काय ते सांगितलं. आईनं आलेखावर बोट ठेवून काहीतरी विचारलं. मुलगी थांबली, विचार केला, मग पेन काढून पोस्टरच्या कडेलाच गणित करायला लागली. मी लांबून बघत होते. प्रश्न काय होता ते मी कधी विचारलं नाही.

उन्हाळी कामाचे पैसे हा वेगळा विषय. सांगण्यासारखं एवढंच की बिनपगारी संशोधन आमची मुलं करू शकत नाहीत. काउंटरवर जेवढं मिळतं तेवढं द्या, ती डास मोजायला येतात. त्याहून कमी दिलंत तर येणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

२०२०च्या जुलैत आमच्या खोऱ्यात इस्पितळं भरून गेली, मृतदेह ठेवायला शीतगृहांचे ट्रक आले. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचे फोन यायचे. साथीचा वाढता आलेख टीव्हीवर रोज दिसत होता, आणि तो कसा बनतो हे त्यांना माहीत होतं. एकानं घरात आजोबांना समजावलं, खोल्या वेगळ्या केल्या, तरीही आजोबा गेले. त्यानं मला विचारलं की आपण बरोबर मोजलं होतं ना. बरोबरच मोजलं होतं. ते त्याला सांगताना माझा आवाज लागेना.

२०२४च्या जानेवारीपासून टेक्सासात सरकारी विद्यापीठांतल्या विविधतेच्या उपक्रमांना मनाई करणारा कायदा लागू झाला आणि आमच्या अर्जातला ‘अंडररिप्रेझेंटेड मायनॉरिटी’ हा लांबलचक शब्द काढावा लागला. आता तिथे ‘घरातून कॉलेजला येणारे पहिले’ असं लिहिलेलं असतं. वर्गात येणारी मुलं तीच आहेत.

या सेमिस्टरला सव्वीस जण आहेत. पहिल्या आठवड्याच्या पट्ट्या काल मोजून झाल्या. एका रस्त्यावरच्या चार घरांचे आकडे असे आले: २१४, ३७, ०, १५६. तिसऱ्या घरचा मुलगा शून्याकडे बघत बसला होता. म्हणाला, “मिस, हे शून्य खरं आहे, की आजीनं पेला ओतून दिला?”

आजीला विचार, म्हटलं. तिला आठवत नसेल तर शनिवारी आम्ही सगळे जाऊन बघणार आहोत.